पुढच्या शिडाचं माप

मला एका जागी बसवत नाही. संपादकांनी पत्रात लिहिलं, "तंबूच्या धंद्यातल्या आठवणी निवांत बसून लिहा." निवांत कसं बसायचं, ते मात्र कळवलं नाही. ही पहिली चार वाक्यं लिहिण्यात माझ्या गच्चीवर तीन चकरा झाल्या, एकदा शनवाऱ्याच्या वेशीपर्यंत जाऊन आलो, आणि सूनबाई म्हणाली, "मामंजी, एक तर लिहा नाही तर फिरा, दोन्ही एकदम नका करू." पण माझं दोन्ही एकदमच चालतं. आयुष्यभर उभ्यानं कापड बेतलं, आता बसून काय लिहिणार?

तंबूवाला म्हटलं की लोकांना साहेबांचे दौरे आठवतात. ते होतेच. साहेब गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या राहुट्या, कनाती, शामियाने बऱ्हाणपुरात आमच्याच दुकानात शिवले जात. जंगलखात्याच्या एका साहेबानं कुत्र्यासाठी वेगळी राहुटी शिवून घेतली. तिला खिडकी हवी, खिडकीला पडदा हवा. कुत्र्याला पडदा कशाला, असं विचारलं तर गंभीर तोंड करून म्हणाला, "उसको शरम आती है." आसपासच्या एका संस्थानिकांनी एवढा मोठा शामियाना सांगितला की तो उभारायला त्यांच्या राजधानीत सपाट जागाच निघाली नाही. असले किस्से पुष्कळ आहेत आणि ते मी चारचौघांत रंगवून सांगतो. पण कागदावर मला ते लिहायचे नाहीत. मला शिडाचं लिहायचं आहे. ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

बऱ्हाणपुरात कसली आली शिडं, असं मुंबईकडचे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे. पावसाळा सरला की तापीचा राजघाटाखालचा डोह भाद्रपदापासून थेट पौषापर्यंत भरलेला असतो. पाणी रुंद नाही पण लांब आहे, आणि दुपारी खालच्या अंगानं, नदी वाहत जाते त्या दिशेकडून, सरळ तोंडावर वारा येतो. त्या डोहात साहेबलोकांनी पाच लहान नावा आणून शर्यतींचा क्लब काढला होता. कुणी रेल्वेचा, कुणी बांधकामखात्याचा, कुणी गिरणीचा. शीड फाटलं की मुंबईला पाठवायचं, आणि ते परत येईस्तोवर नदी आटून खडक वर यायचे. शेवटी कुणीतरी म्हणालं असेल, तंबू शिवणारा शीड का शिवणार नाही? आणि एक साहेब फाटकं शीड घोड्यावर टाकून माझ्या दारात आला.

पहिलं शीड मी तंबूसारखं शिवलं आणि फजिती झाली. तंबूला वारा अडवायचा असतो, शिडाला वारा धरायचा असतो. कापड सपाट बेतलं की शीड पाटीसारखं उभं राहतं. त्याला पोट लागतं. हे मला कुणी साहेबानं शिकवलं नाही, क्लबाच्या एका नावेवरच्या दगडू भोयानं शिकवलं. शीड बघून तो हसला आणि म्हणाला, "मास्तर, हे तर उपाशी दिसते." दुसऱ्या खेपेला मी पट्ट्या कळीदार, मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या, कापल्या आणि शीड भरलं.

एक गोष्ट मात्र तंबूची होती तीच शिडाला लागू पडली. आम्ही त्याला कापडाला पाणी पाजणं म्हणतो. नवी दोसुती, म्हणजे दुहेरी सुताचं जाडं कापड, तीन दिवस नदीच्या पाण्यात भिजत घालायची, वाळवायची, बडवायची, पुन्हा भिजवायची. कापडाला काय आखडायचं असेल ते त्यानं आधी आखडून घ्यावं, मग कात्री. पाणी न पाजलेल्या कापडाला मी एकदा हात घातला तेव्हा वडिलांनी गिऱ्हाइकांदेखत माझ्या हातातली कात्री काढून घेतली होती. तेव्हा मला दोन पोरं होती!

आता शर्यतीचा कायदा सांगतो. तो कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. पाची नावा सारख्या नव्हत्या. कुणाची लांब, कुणाची आखूड, कुणाचं शीड मोठं, कुणाचं लहान. मग शर्यत लावायची कशी? तर ज्याच्याकडे कापड जास्त त्यानं कमी कापडवाल्याला वेळेची सूट द्यायची. पोरांच्या खेळात लिंबूटिंबूला देतात तशी. मोठ्या शिडाची नाव आधी पोचली तरी ती जिंकली असं नाही. किती आधी पोचली आणि किती सूट द्यायची होती, याची वजाबाकी करून सेक्रेटरी साहेब निकाल सांगत. लोक काठावर टाळ्या वाजवून मोकळे झालेले असत आणि इकडे भलताच जिंकलेला असे.

प्रत्येक नावेला दोन शिडं. डोलकाठीच्या मागचं मोठं, ते ठरलेलं, बदलायचं नाही. डोलकाठीच्या पुढचं मात्र लहान, मधलं, मोठं, हवं ते लावा. पण कुठलं लावणार ते शर्यतीच्या तीन दिवस आधी लिहून द्यायचं, त्याच्या मापावर सूट ठरायची, आणि मग माघार नाही. म्हणजे सगळी अक्कल पुढच्या शिडात. मोठं घेतलं तर वेग मिळतो पण सूट द्यावी लागते. लहान घेतलं तर सूट मिळते पण वेग जातो. माझी खोड अशी की असलं त्रांगडं दिसलं की मला झोपच येत नाही. मी नावेत न बसणारा माणूस, पण पाची नावांची शिडं मला तोंडपाठ झाली. सेक्रेटरी साहेबानं मापाचं कामही माझ्याकडेच दिलं. शिवणाराच मोजणारा! कुणाला त्यात वावगं दिसलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही दिसलं नाही. उलट छाती दोन बोटं फुगली.

एके वर्षी राजघाटावरच्या सरकारी नावेचा म्हातारा मुख्य नावाडी वारला. त्या आधीच सरकारनं डोहातल्या उतारू नेणाऱ्या खाजगी नावा बंद केल्या होत्या, पलीकडे जैनाबादला जायचं तर सरकारी नाव. क्लबाच्या नावांवर काम हंगामापुरतंच, तेव्हा घाटाची जागा ज्याला मिळेल तो नदीवर राहील, दुसऱ्याला नदी सोडावी लागेल, असा सरळ मामला होता. उमेदवार दोन, दगडू भोई आणि नथू भोई. दोघे सारख्या वयाचे, दोघांचे बाप घाटावर नाव चालवून गेलेले, दोघांनी पुरात माणसं काढलेली. दगडू बोलका, नथू मुका म्हणावा इतका शांत. मला दोघांतला कुणी जास्त जवळचा नव्हता, हेही सांगून ठेवतो.

जागा देणं बांधकामखात्याच्या साहेबाच्या हातात होतं आणि तोच क्लबाचा अध्यक्ष. त्याला काही निवड जमेना. मग त्याच्या डोक्यात आलं, आपल्याकडे दरवर्षी दोघांची शर्यत असते, तीत बघू. एरवी नावेत तिघं असत. एक सुकाणूवर, एक मागच्या शिडाच्या दोरावर, एक पुढच्या. दोघांच्या शर्यतीत मालक सुकाणू आणि मागचं शीड धरायचा, आणि पुढचं सगळं एका नावाड्यावर. दगडू डॉक्टरांच्या नावेवर होता, नथू गिरणीच्या इंजिनिअर साहेबाच्या. साहेबानं जाहीर करून टाकलं, या दोन नावांत ज्याची पुढं, घाट त्याचा. माणसाचं पोट असं शर्यतीला टांगणारे हे लोक! पण तेव्हा कुणी ब्र काढला नाही. मीही नाही. मला तर आतून उकळ्या फुटत होत्या.

डॉक्टर म्हणजे आपलेच, सरकारी दवाखान्याचे. क्लबात घेतलेले पहिले देशी गृहस्थ. किडकिडीत, भराभर बोलणारे. ते सकाळीच दुकानात आले.

"मास्तर, मोठं शीड लावतो. आश्विनातला वारा पडेल असतो. कापड कमी घेतलं तर डोहात तरंगत बसू."

"लहान लावा," मी म्हणालो.

"काय बोलताय? गिरणीवाला मोठं लावणार. तो आपल्याला दिसणारसुद्धा नाही."

"दिसेनासा होऊ द्या. घड्याळात दिसेल."

त्यांना पटलं नाही. मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्यांच्या नावेत बसलो. मला पाण्याची भीती वाटते, हे बऱ्हाणपुरात तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, त्या दिवशी सगळ्या घाटाला कळलं. दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो. दगडू म्हणे, "मास्तर, फळी सोडा, ती कुठं पळून नाही राह्यली."

पण डोळे उघडे ठेवले. वारा तोंडावर असला की नाव सरळ जात नाही, या काठाहून त्या काठाला तिरकी तिरकी जाते. डोह अरुंद, म्हणून काठ लगेच येतो, लगेच वळावं लागतं. शर्यत जिथून माघारी फिरते त्या काळ्या खडकापर्यंत आमची अठरा वळणं झाली. आणि प्रत्येक वळणाला पुढचं शीड एका अंगाहून सोडून डोलकाठीला वळसा घालून दुसऱ्या अंगाला ओढायचं. लहान शीड डोलकाठीच्या पुढंच संपतं, झटकन पालटतं. मोठं डोलकाठीच्या मागपर्यंत येतं, ते काठीला अडतं, दोरात गुंततं, ओढणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. तिघं असले तर ठीक. एकट्यानं ओढायचं तर नाव तेवढा वेळ पांगळी. निम्म्या वाटेला लहान आणि निम्म्या वाटेला मोठं लावून बघितलं, आणि मी मनात आकडे मोजत होतो. मोठ्या शिडाला प्रत्येक वळणावर दहा आकडे जास्त लागत होते.

"आणि परतताना?" डॉक्टर म्हणाले. "परतताना वारा पाठीवर. तेव्हा मोठं कापड पळेल."

"पळणार कशानं? मागचं शीड पुढच्याचा वारा खातं. बघा की, लोंबतंय ते. बांबू लावून बाहेर काढलं तर भरेल, पण बांबू धरायला तिसरा माणूस कुठं आहे?"

दगडू माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, तुम्ही नावेत घाबरता पण दिमाग तुमचा नावाड्याचा आहे." एवढ्या वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट तेच. लहान शीड ठरलं.

इकडे गिरणीच्या साहेबाचं भलतंच. त्याचं जुनं मोठं शीड विरलं होतं, त्याला नवं हवं, त्याहून मोठं हवं, आणि चार दिवसांत हवं. मी म्हणालो, साहेब, कापडाला पाणी पाजायलाच आठ दिवस लागतील, आणि वर आभाळ आहे, वाळणार नाही. त्यानं टेबलावर हात आपटला.

"टेंटवाला! चार दिन. बस."

"साहेब, आखडेल."

"चार दिन!"

डोकं फिरलं माझं. नाही म्हणून टाकायचं होतं, पण गिरणीचा साहेब, नाही म्हणायची प्राज्ञा नव्हती. वडील असते तर कात्री काढून घेतली असती. कोऱ्या कापडाला कात्री लावली, चौथ्या दिवशी शीड दिलं, आणि त्याच दिवशी क्लबाच्या छपरात ते पसरून मोजलंही मीच. कोरं करकरीत. माप भरपूर भरलं. त्यावरून साडेतीन मिनिटांची सूट त्यानं डॉक्टरांच्या नावेला द्यायची, असं सेक्रेटरी साहेबानं वहीत लिहिलं.

माप घेताना मी प्रत्येक शिडाच्या खालच्या कडेइतका दोर कापून त्याला टोकाशी गाठ मारून ठेवत असे. शर्यतीच्या सकाळी मापाऱ्यानं नावेनावेवर जाऊन बघायचं. शिडाचं टोक आणि दोराची गाठ जुळली की तेच शीड, ठीक आहे. नाही जुळली तर पुन्हा माप घ्यायचं, सूट पुन्हा ठरवायची. कायदा तसा होता, आणि तो मला तोंडपाठ होता.

त्या सकाळी दव दाट पडलं होतं. त्या आधी दोन दिवस नथूनं साहेबाला घेऊन सराव केलेला, शीड दोनदा भिजून वाळलेलं. मी त्यांच्या नावेवर गेलो. दोराचं एक टोक मी धरलं, शिडाचं दुसरं टोक नथूनं धरून ताणलं. मी वाकलो. शीड गाठीपर्यंत पोचत नव्हतं.

मी किती वेळ वाकून होतो कोण जाणे. जास्त नसेन. मनात एकच आलं, बस आता चार दिवसांच्या नावानं! भर दंड त्या कापडाचा जे आता तुझ्याकडे नाहीच! साहेब सुकाणूशी बसून पाइप ओढत होता, त्याचं लक्षही नव्हतं. नथू समोर शिडाचं टोक धरून उभा होता. त्याला कुठलं कळतंय गाठ कशाला असते, असं मला वाटलं. मी दोर गुंडाळला आणि "ठीक है" म्हणून पुढच्या नावेवर गेलो.

शर्यत मी काठावरून पाहिली म्हणणं खोटं होईल. पाहिली कमी, चाललो जास्त. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, चढायच्या, पुन्हा उतरायच्या. सेक्रेटरी साहेब घड्याळ घेऊन खुर्चीत बसला होता, तो एकदा ओरडला, "मास्टर, बैठ जाओ!" बसलो आणि लगेच उठलो.

डॉक्टरांची नाव फुलपाखरासारखी वळत होती. दगडूला काम असं नव्हतंच, दोर सोडला, दोर ओढला, झालं. आणि पलीकडे नथू. काय सांगू तुम्हाला! मी दहा आकडे धरले होते, त्यानं पाच-सहांत शीड पालटलं. एका पायानं दोर दाबून धरायचा, दोन्ही हातांनी कापड काठीवरून ओढायचं, दातांत दुसरा दोर. अठरा वळणं, आणि एकही चुकलं नाही. लोक साहेबाच्या नावानं ओरडत होते, आणि नाव चालवत होता नथू. परतताना तर त्यानं कमाल केली. बांबू शिडाच्या टोकात अडकवला, दुसरं टोक स्वतःच्या छातीवर टेकवून उभा राहिला, आणि शीड भरलं. तिसरा माणूस नाही म्हणून मी जे होणार नाही म्हणालो होतो, ते त्या एकट्यानं करून दाखवलं.

त्यांची नाव तीन मिनिटं एकवीस सेकंद आधी पोचली. सूट साडेतीन मिनिटांची. डॉक्टरांची नाव नऊ सेकंदांनी जिंकली.

घाटावर एकच गोंधळ. डॉक्टरांनी माझ्याच गळ्यात हार घातला. "ही शर्यत मास्तरांच्या डोक्यानं जिंकली," असं त्यांनी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगितलं. दगडू माझ्या पाया पडला. अध्यक्ष साहेबानं तिथंच त्याला घाट दिला. देशी माणसाच्या नावेनं गिरणीवाल्याला हरवलं म्हणून बाजारात आठवडाभर माझं नाव होतं. राजपुऱ्यातल्या आमच्या घरी माणसं नुसती बघायला येत. आणि नथू त्या दिवशी काय करत होता, तर छपरात ओलं शीड झटकून घडी घालत होता. नीट घडी, मी शिकवली होती तशी.

दुसऱ्या दिवशी मी छपरात गेलो. शीड वाळलं होतं. तिन्ही कडा मोजल्या, घरी येऊन पाटीवर गणित मांडलं. खऱ्या मापानं सूट वीस सेकंदांनी कमी होत होती. म्हणजे नथू अकरा सेकंदांनी जिंकला होता. पाटी पुसली आणि पुन्हा मांडलं. अकराच.

मी साहेबावर डूख धरला होता. त्या नावेत दोन माणसं होती आणि मला एकच दिसला. गिरणीच्या साहेबाला हरल्याचं काय? तो दुसऱ्या दिवशी शिकारीला गेला.

दहा दिवस मी नुसता फिरलो. कात्री उचलली की परत खाली ठेवायचो. जेवायला बसलो की ताटावरून उठायचो. घरचे म्हणाले, नजर लागली, एवढं नाव झालं ना. राजघाटावर जाऊन दगडूच्या नावेत बसलो, दगडूला सगळं सांगून टाकू म्हणून. जैनाबादला पोचलो, बोललो नाही. परत आलो, बोललो नाही. तिसऱ्या फेरीला दगडूनं विचारलं, "मास्तर, पलीकडं काही काम है का? सांगा ना, मी करून देतो." त्यानं घाट छान ठेवला होता. नव्या फळ्या, म्हातारीकोतारींना हात धरून चढवणं. त्याच्याकडून घाट काढून घ्या असं कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? पण नथूचा घाट होता तो!

शेवटी सेक्रेटरी साहेबाकडे गेलो आणि उभ्याउभ्या सांगून टाकलं. शीड आखडलं होतं, मी पाहिलं, बोललो नाही. त्यानं वही उघडली, पाहिली.

"हरकत लेने का टाइम सूरज डूबने तक था. मालिक ने लिया?"

"नाही साहेब."

"तो फिर?"

वही मिटली. नथूला हरकत घ्यायचा हक्कच नव्हता, तो मालकाचा. मी म्हणालो, साहेब, मग मापाचं काम माझ्याकडून काढून घ्या. तो हसला. म्हणाला, "टू मच थिंकिंग, मास्टर." मी दोरांची गाठोडी त्याच्या टेबलावर ठेवली आणि आलो. त्यानंतर शिडं शिवली, मोजली नाहीत.

तोवर नथूनं बऱ्हाणपूर सोडलं होतं. पाण्यावरचा माणूस, इच्छापूरकडच्या कापसाच्या जिनात सरकी उपसायला लागला होता. चैत्रात इच्छापूरला देवीच्या जत्रेसाठी माझ्या राहुट्या जात. एरवी माणसं पाठवायचो, त्या वर्षी स्वतः गाडीत बसलो. राहुट्या उभ्या राहायच्या आतच जिनाकडे निघालो. दुपारच्या सुट्टीत तो बाहेर आला. भुवयांवर, कानांवर कापसाचे धागे. मला बघून हसला, पाणी आणून दिलं.

"मास्तर, जत्रेले आले का?"

"तुझ्याकडे आलो." बसायला त्यानं पोतं टाकलं होतं, पण मला बसवेना. "नथू, शर्यतीच्या सकाळी तुमचं शीड आखडलेलं होतं. मी पाहिलं होतं. बोललो नाही. घाट तुझा होता."

तो रागावेल, शिवी देईल, हात उगारेल, सगळ्याची तयारी करून गेलो होतो. त्यानं विचारलं, "किती?"

मी बोटं पुढं केली. चार.

त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं. "मी पाच धरले होते," तो म्हणाला.

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"शीड रोज मीच बांधे ना मास्तर. दोर लावताना समजतेच. गाठ कशाले राहते ते बी माहीत होतं."

"अरे, मग बोलला का नाहीस? मी समोर होतो, सेक्रेटरी साहेब घाटावर होता..."

"तुमी वाकले होते ना," नथू म्हणाला. "मी टोक धरून उभाच होतो. तुमी गाठ पाह्यली, मले दिसलं तुमी पाह्यली ते. मी म्हटलं, चला, बरं झालं, आता मास्तर बोलतीन. म्हणून मी चूप राह्यलो."

जिनाचा भोंगा झाला. "येतो मास्तर," म्हणाला, आणि लोटा उचलून आत गेला.